मीटरवर पास, लोडवर फुस्स: ऑनलाइन घेतलेले मॉसफेट असली की डुप्लिकेट, हे लावायच्या आधी कसं ओळखायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की १२ व्होल्टच्या घरगुती इन्व्हर्टरसाठी आयआरएफ ३२०५ मॉसफेट (तीन पायांचा इलेक्ट्रॉनिक स्विच, गेट हा पाय ऑन-ऑफ करतो आणि करंट ड्रेन पायातून सोर्स पायाकडे जातो) ऑनलाइन मागवले, इंदूरच्या जेल रोडवरच्या पार्ट बाजारातल्या भावाच्या निम्म्यात पडले, मल्टीमीटरवर सगळे ओके दाखवतात, बोर्डावर लावले की पंखा-ट्यूबलाइट मस्त चालते पण घरच्यांनी मिक्सर लावला की एका साइडचे मॉसफेट उडतात. आणि दुकानदार म्हणतो तुमचाच बोर्ड खराब, विकणारा म्हणतो पार्ट ओरिजिनल.

माझा अंदाज, माल डुप्लिकेट असण्याचे चान्सेस भरपूर आहेत, पण अंदाजावर पार्ट फेकायचा नसतो आणि बोर्डही निर्दोष मानायचा नसतो, त्यामुळे आधी पार्ट तपासू मग बोर्डाकडे येऊ.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात फिट करा, डुप्लिकेट पार्ट म्हणजे बंद पार्ट नाही. बंद पार्ट विकणारा दोन दिवसांत पकडला जातो, त्याचा धंदाच चालणार नाही. हुशार माणूस चालणाराच पार्ट विकतो, फक्त तो वेगळा असतो, स्वस्त असतो, आणि वर नाव महागाचं छापलेलं असतं. तुमचा मल्टीमीटर डायोड रेंजवर बॉडी डायोड (मॉसफेटच्या आतच असलेला डायोड) बघतो, गेटला बोट लावून ऑन-ऑफ होतो का ते बघतो, आणि हे दोन्ही जगातला कुठलाही जिवंत एन चॅनल मॉसफेट पास करतो. मीटरने तुम्हाला खोटं सांगितलं नाही, तुम्ही त्याला विचारलंच वेगळं. प्रश्न असा विचारायचा की मी जास्त पैसे कोणत्या गुणाचे दिले, आणि तोच गुण मोजायचा.

३२०५ चे पैसे आपण कशाचे देतो? ऑन झाल्यावरच्या रेझिस्टन्सचे. डेटाशीटमध्ये, म्हणजे कंपनीच्या माहितीच्या कागदात, गेटला १० व्होल्ट दिल्यावर जास्तीत जास्त ८ मिलिओहम लिहिलंय. आता याचा स्वस्त भाऊ बघा, झेड ४४ एन. तोही ५५ व्होल्टचा, तीच टीओ २२० बॉडी, तेच तीन पाय, गेट थ्रेशोल्ड (ज्या व्होल्टला पार्ट ऑन व्हायला लागतो) दोघांचं २ ते ४ व्होल्ट, पण रेझिस्टन्स १७.५ मिलिओहम आणि करंट ४९ ॲम्पियर. झेड ४४ घासून त्यावर ३२०५ छापला तर व्होल्टेज टेस्ट पास, थ्रेशोल्ड पास, डायोड पास. बाजारात मिळतो तो चिनी कॉम्पोनंट टेस्टर, तीन पायांत पार्ट अडकवून बटण दाबायचं, तो पण खुशाल एन मॉसफेट दाखवणार.

आता हिशोब करा. मिक्सर धरून ७०० वॉटचा लोड असेल तर बॅटरीतून लॉस धरून ७० ॲम्पियरच्या आसपास जातात, एका साइडला चार मॉसफेट असतील तर एकावर १७ च्या आसपास. ८ मिलिओहमवर एक मॉसफेट चालू असताना सव्वादोन वॉट जाळतो, साडेसतरावर ५ वॉट. इथपर्यंत हीटसिंक सांभाळून घेतं. पण मिक्सर सुरू होताना करंट काही क्षण तिप्पट झाला तर हीट नऊपट होते, कारण करंटचा वर्ग येतो, म्हणजे एकीकडे २० वॉट आणि दुसरीकडे ४५. वरून गरम झाल्यावर रेझिस्टन्स आणखी वाढतो, आणि आतली चिप छोटी असल्यामुळे उष्णता पसरायला जागाच नाही. पंखा-ट्यूबलाइटवर महिनोन्‌महिने चालेल, मिक्सरवर धूर. तुमचं लक्षण याच्याशी बरंच जुळतंय.

मोजायचं कसं, आणि महागडी बेंच सप्लाय नसताना कसं. इन्व्हर्टरची १२ व्होल्ट बॅटरी तुमच्याकडे आहेच, जोडीला गाडीच्या हेडलाइटचा हॅलोजन बल्ब घ्या, ५५ वॉटचा फिलामेंट. बॅटरी प्लसवरून एक छोटा फ्यूज, मग बल्ब, बल्बमधून ड्रेन, सोर्स बॅटरी मायनसला. गेटला १०० ओहममधून बॅटरी प्लस द्या, गेट २० व्होल्टपर्यंत सहन करतो त्यामुळे १२ ला काही होत नाही, आणि गेट-सोर्समध्ये एक १० के (१० किलोओहमचा रेझिस्टर) ठेवा म्हणजे वायर काढली की बंद होईल. बल्ब पूर्ण उजळला की साडेचार ॲम्पियरच्या आसपास करंट वाहतोय, क्लॅम्प मीटर असेल तर बघून घ्या. आता मल्टीमीटर मिलिव्होल्टवर टाकून ड्रेन आणि सोर्सच्या पायांवर, बॉडीच्या अगदी जवळ, टोकं टेकवा. क्लिपवर किंवा वायरवर टेकवाल तर वायरचाच रेझिस्टन्स मोजाल आणि चांगला पार्ट पण नकली ठरवाल, हे लोक खूप करतात.

असली ३२०५ वर ३७ मिलिव्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमी यायला हवं, पायांचा थोडा हिस्सा येतोच त्यामुळे चाळीस-पंचेचाळीस आलं तरी मी पास करतो. ८० च्या पुढे गेलं की तो ३२०५ नाही, वर काहीही छापलेलं असो. वाचन पहिल्या काही सेकंदांत घ्या, गरम झाल्यावर आकडा चढतो. आणि सगळे पार्ट मोजा, एकच नाही, कारण मिक्स लॉट पण येतात, वरच्या दोन-तीन पट्ट्या असली आणि खाली भरती.

दुसरी टेस्ट, तुमच्याकडे तो कॉम्पोनंट टेस्टर असेल तर गेटची कपॅसिटी बघा. ३२०५ ची इनपुट कपॅसिटन्स डेटाशीटमध्ये ३२४७ पिकोफॅरड आहे, झेड ४४ ची १४७०, निम्म्याहून कमी. चिप जितकी मोठी तितकी कपॅसिटी जास्त, आणि चिपचा साइज छपाईने बदलत नाही. फक्त डेटाशीटशी थेट जुळवू नका, तिथला आकडा ड्रेनवर २५ व्होल्ट देऊन घेतलेला असतो आणि टेस्टर जवळपास शून्यावर मोजतो त्यामुळे टेस्टर जास्तच दाखवणार. एखाद्या खात्रीच्या जुन्या ३२०५ शी तुलना करा, कंपनीच्या इन्व्हर्टर बोर्डातून काढलेला, कधी न उघडलेला बोर्ड असेल तर उत्तम. असे दोन-चार नमुने मी वेगळ्या डबीत नाव लिहून ठेवतो, हजार फोटो बघण्यापेक्षा तो एक नमुना कामाचा.

ब्रेकडाउन व्होल्टेज, म्हणजे ऑफ असताना पार्ट किती व्होल्ट अडवतो, ते पण मोजता येतं. २४-०-२४ चा छोटा ट्रान्सफॉर्मर, दोन टोकांवरून ४८ व्होल्ट, ब्रिज आणि कपॅसिटर लावला की ६८ च्या आसपास डीसी. गेट-सोर्स शॉर्ट करून १०० के मधून ड्रेनला द्या, ड्रेनवरचं व्होल्टेज जिथे अडकेल तो आकडा. ५५ च्या वर अडकायला हवं. ४० वर अडकला तर कुठला तरी ४० व्होल्टचा पार्ट आहे. अडकलाच नाही, ६८ च्या जवळ गेला, तर कुठला तरी जास्त व्होल्टेजचा पार्ट असू शकतो, अशांचा ऑन रेझिस्टन्स सहसा जास्त असतो, तो मिलिव्होल्ट टेस्टमध्ये कळेलच. हात सांभाळा, ६८ व्होल्ट डीसी आहे. आणि हीच ट्रिक ५०० व्होल्टवाल्या आयआरएफपी ४६० मॉसफेटवर करायला जाऊ नका, अनुभव नसेल तर जीवावर बेतेल.

शेवटचा पुरावा, एक उडालेला आणि एक न लावलेला पार्ट फोडा. पक्कडने प्लॅस्टिक तोडायचं, नाहीतर बाहेर मोकळ्यात टॉर्चने जाळायचं, तो धूर नाकात जाऊ देऊ नका. आतली चिप असली पार्टच्या चिपशेजारी ठेवून फोटो काढा. विकणाऱ्याशी भांडायला याच्याइतकं चांगलं काही नाही.

लोक मला नेहमी विचारतात की वरून बघून कसं ओळखायचं, लोगो, फॉन्ट, असिटोन. असिटोनचा बोळा घासून शाई निघाली तर माल नक्की गडबड, पण नाही निघाली म्हणून असली ठरत नाही, आता लेझर मशीन त्यांच्याकडे पण आहे. घासून काळा कोट मारलेला असेल तर पॅकेजवरच्या गोल खळ्या अर्धवट भरलेल्या दिसतात, कडा गोलसर होतात, पायांवर जुन्या सोल्डरची चमक असते. एकाच पट्टीत एकच डेट कोड पण मागे देशाचं नाव वेगवेगळं, हे पण पक्कं लक्षण. आयआरचा लोगो आहे म्हणून भरवसा ठेवू नका, इंटरनॅशनल रेक्टिफायर २०१५ मध्ये इन्फिनियॉनने घेतली, तो लोगो छापणारे अजून भरपूर आहेत. नजरेने फक्त वाईट माल बाद होतो, चांगला सिद्ध होत नाही, त्यामुळे मी त्यावर दोन मिनिटांपेक्षा जास्त घालवत नाही.

हा माल येतो कुठून? एक मोठा रस्ता ई-कचऱ्याचा. चीनमधल्या ग्वांगडोंगचं ग्वेयू हे गाव त्यासाठी वर्षानुवर्षं बदनाम होतं, जुने बोर्ड तापवून चिप काढायच्या, धुवायच्या, घासायच्या, नवीन नंबर छापायचा. आणि फसतात ते फक्त आपल्यासारखे रिपेअरवाले असंही नाही, अमेरिकेच्या सिनेटच्या लष्करी समितीने २०१२ मध्ये रिपोर्ट दिला त्यात २००९ आणि २०१० या दोन वर्षांतली संशयास्पद पार्टची १८०० च्या आसपास प्रकरणं होती, मिळून १० लाखांवर पार्ट, त्यातले काही लष्करी विमानांपर्यंत पोचलेले. त्यांच्याकडे खरेदीची एवढी यंत्रणा असताना हे, मग आपण चार फोटो आणि साडेचार स्टार बघून घेतो त्यात काय राहणार.

स्टारबद्दल जरा बोलतोच. रेटिंग देणाऱ्याने पार्ट हातात आल्यावर मीटर लावला, बीप आला, पाच स्टार दिले. त्याने लोड दिलाच नाही. म्हणून पॉवर पार्टच्या रेटिंगला माझ्या हिशोबाने काहीच किंमत नाही, डब्याच्या आणि वायरच्या रेटिंगला आहे.

आता सगळंच नकली असं पण नसतं, यात फरक करा. जुना काढलेला पार्ट "जुना काढलेला" म्हणून विकला तर तो प्रामाणिक धंदा आहे, मी स्वतः घेतो. दुसऱ्या कंपनीने तेच काम करणारा पार्ट बनवून स्वतःच्या नावाने विकला तर तो पण ठीक, सीएच ३४० ही यूएसबी चिप बघा, स्वस्त आहे, स्वतःच्या नावाने येते, काम करते. एफटीडीआय कंपनीच्या एफटी २३२ या यूएसबी चिपचं उलट झालं, बाजारात इतक्या नकली आल्या की ऑक्टोबर २०१४ मध्ये एफटीडीआयच्या ड्रायव्हरने विंडोज अपडेटमधून नकली चिपचा प्रॉडक्ट आयडीच शून्य करून टाकला, लोकांची मशीनं एका रात्रीत ओळखू येईनाशी झाली, बोंब झाली आणि तो ड्रायव्हर मागे घ्यावा लागला. पिथमपूरच्या कारखान्यात एखाद्या मशीनवर अशा चिपची केबल लावून बसलात आणि असं झालं तर लाइन थांबते, हे लक्षात ठेवून केबल घ्या.

पैसे कशाचे दिले ते मोजा, हा नियम बाकी पार्टला पण लागतो. एलएम २५९६ चे ते व्होल्टेज कमी करणारे छोटे निळे मॉड्यूल, असली चिप १५० किलोहर्ट्झवर स्विच होते, बऱ्याच मॉड्यूलवर ५० च्या आसपास चालणारी चिप असते म्हणजे जुन्या २५७६ ची जात, तिची ५२ आहे. आउटपुट व्होल्टेज बरोबर येतं म्हणून कुणाला कळत नाही, पण कॉइल १५० च्या हिशोबाने छोटी लावलेली, त्यामुळे रिपल, म्हणजे आउटपुटमधली थरथर, तिपटीच्या घरात जातो आणि ३ ॲम्पियर सोडा दीडला पण बोट लावता येत नाही. मीटरला हर्ट्झ रेंज असेल तर थोडा लोड देऊन दुसऱ्या पायावर मोजा, दहा सेकंदांचं काम आहे.

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमध्ये मोठ्या डब्यात छोटा डबा हा जुना खेळ, हातात घेतला की हलका लागतो. पण त्याहून वाईट म्हणजे मायक्रोफॅरड बरोबर आणि व्होल्टेज खोटं, २५ चा माल ५० च्या स्लीव्हमध्ये. कपॅसिटन्स मीटर पास करणारच, कारण ती बरोबरच आहे. छापलेलं व्होल्टेज १० के मधून द्या आणि लीकेज करंट बघा, काही मिनिटांत खाली उतरून स्थिर व्हायला हवा, वाढत गेला किंवा डबा कोमट झाला की तिथेच थांबा. डोळ्यावर चष्मा लावा, फुटतात.

१८६५० लिथियम सेल तर विचारूच नका. ९९०० एमएएच लिहिलेला सेल हातात धरण्याआधीच नकली आहे, या साइजमध्ये चांगल्यातल्या चांगल्या कंपनीचा सेल साडेतीन-चार हजाराच्या आसपास जातो. चांगला सेल पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास भरतो, तीस भरला तर परत करा. डीएस १८ बी २० या तापमान सेन्सरचा आठ बाइटचा रोम कोड (आत कोरलेला ओळख नंबर) वाचा, मॅक्सिमच्या अस्सल तुकड्यात शेवटच्या सीआरसी (तपासणीच्या) बाइटच्या आधीचे दोन बाइट शून्य असतात, तसं नसेल तर क्लोन समजा. क्लोन तापमान बरोबर दाखवेल पण दोन वायरवर, पॅरासाइट मोडमध्ये (वेगळी पॉवरची वायर न देता), दगा देऊ शकतो.

ॲम्प्लिफायरवाल्यांचं दुःख वेगळं. गणपती जवळ आले, अनंत चतुर्दशीच्या झांक्या जवळ आल्या की आपल्याकडे ५२००-१९४३ या पॉवर ट्रान्झिस्टरच्या जोड्यांची मागणी एकदम चढते आणि त्याच वेळी सगळ्यात घाण माल येतो. तोशिबाचे सी ५२०० म्हणजे २३० व्होल्ट, १५ ॲम्पियर, १५० वॉट, नकलीत चिप एवढीशी, गेन टेस्टरवर छान दाखवतो आणि मिरवणुकीत राजवाड्यापर्यंत पण टिकत नाही. सीझनच्या दोन महिने आधी घेऊन, एखादा फोडून, तपासून ठेवा.

मग घ्यायचं कुठून. कंपनीने नेमलेले डिस्ट्रिब्युटर, एलिमेंट १४, माउझर, डिजिकी, यांच्याकडून घेतलं तर माल कंपनीतून सरळ येतो. चार पीससाठी शिपिंग परवडत नाही हे मला माहीत आहे, म्हणून आपण रिपेअरवाले मिळून एकत्र ऑर्डर टाकतो, महिन्यातून एकदा, तुम्ही पण तुमच्या भागातले तीन-चार जण पकडा. भाव तपासायला यांच्याच साइटवर हजार पीसचा रेट बघा. बाजारात कुणी सुटा पीस त्या हजारच्या रेटपेक्षा खाली देत असेल तर त्याला विचारा कसा देतोस. कधीकधी खरंच कुठल्या फॅक्टरीचा उरलेला स्टॉक असतो, पण मग त्याच्याकडे सीलबंद ट्यूब, लेबल, लॉट नंबर काहीतरी असतं. जेल रोडला पण सगळे हरिश्चंद्र नाहीत, पण तिथे एक फायदा, दुकान उद्या पण तिथेच असतं, जीएसटीचं बिल मागा, आणि सरळ सांगा की मिलिव्होल्टमध्ये मोजणार, नाही जुळला तर परत आणणार. हे ऐकल्यावर काही दुकानदार आतल्या कपाटातून वेगळा डबा काढतात.

तुमच्या आत्ताच्या मालाबद्दल, रिटर्नची मुदत बघा, ती सहसा आठ-दहा दिवसांची असते आणि आपला पार्ट ड्रॉवरमध्ये दोन महिने पडून राहतो, तिथेच आपण हरतो. आला त्या दिवशी पाकीट उघडतानाचा आणि मोजतानाचा व्हिडिओ एकाच शॉटमध्ये काढायचा. कारण निवडताना "खराब" निवडू नका, त्यावर त्याच लॉटमधला दुसरा येतो, "नकली" किंवा "वर्णनाप्रमाणे नाही" निवडून पैसे परत मागा. ऐकलं नाही तर साइटच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा, २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा असतो, आणि विकणाऱ्याचं नाव-पत्ता दाखवणं साइटवर बंधनकारक आहे. त्यानंतर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

आता बोर्ड. समजा सगळे पार्ट ४०-४५ मिलिव्होल्टच्या आत पास झाले, मग विकणाऱ्याला शिव्या देऊ नका. मॉसफेट उडतो तेव्हा ड्रेनचं व्होल्टेज गेटमधून मागे जातं आणि गेट रेझिस्टर वाढतात किंवा ओपन होतात, ड्रायव्हर ट्रान्झिस्टर लीक होतो. चारातल्या एकाचा गेट रेझिस्टर ओपन असेल तर तीनच काम करणार. प्रत्येक गेट रेझिस्टर पाय उचलून मोजा, ड्रायव्हर बदला, आणि त्या साइडचे चारही मॉसफेट एकाच लॉटचे लावा, दोन जुने दोन नवे अशी खिचडी नको. मॉसफेट आणि हीटसिंकमधली मायका आणि पेस्ट नवीन.

आणि एक बघा, इन्व्हर्टर खरंच १२ व्होल्टचा आहे ना? मधल्या टॅपचा पुश-पुल (ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या वायरला बॅटरी, दोन साइड आळीपाळीने चालू) असेल तर बंद असलेल्या साइडवर बॅटरीच्या दुप्पट येतं. १२ च्या सिस्टीममध्ये चार्जिंगला २८-२९ आणि वर स्पाइक, ३२०५ झेपवतो. दोन बॅटरीच्या २४ व्होल्ट पुश-पुलमध्ये तेच ५६-५७ होतं, म्हणजे स्पाइक न धरताच ५५ च्या वर, तिथे असली ३२०५ पण उडणारच. आणि डेटाशीटच्या पहिल्या पानावरचे ११० ॲम्पियर वाचून भुलू नका, त्याच कागदावर खाली लिहिलंय की पॅकेजची लिमिट ७५ आहे.

नवीन सेट लावल्यावर पहिल्यांदा बॅटरी सरळ जोडू नका. प्लसमध्ये तोच हेडलाइटचा बल्ब सिरीजला घाला, लोड न लावता ऑन करा. बल्ब भक्क पेटून तसाच राहिला तर काहीतरी शॉर्ट आहे, मॉसफेट वाचले. मंद होऊन विझत आला तर बल्ब काढा, आधी शंभरचा बल्ब लोडला, मग पंखा, दर टप्प्याला हीटसिंकला हात लावून, एक साइड दुसरीपेक्षा गरम लागतेय का बघत, आणि मिक्सर सगळ्यात शेवटी. मोजलेले मिलिव्होल्ट, बोर्डावर एका साइडला किती मॉसफेट आहेत आणि ट्रान्सफॉर्मरच्या बॅटरी साइडला वायर दोन आहेत की तीन एवढं कळवा, पुढचं त्यावरून सांगतो.